सरकारी कामात एआय: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारच्या आरटीआय मदत-टेबलावर आणि नंतर रात्री व्हॉट्सॲपवर जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केलेत. भाषा तुमचीच ठेवली आहे, फक्त शिव्या काढल्या. एका उत्तरात सांगितलेलं दुसरीकडे परत लिहिलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. भारतात एआयचा कायदा आहे का? एका शब्दात सांगा.

नाही. म्हणजे एआय असं नाव असलेला वेगळा कायदा नाही. ५ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या आयटी मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वं काढली, आयआयटी मद्रासचे प्रा. बलरामन रवींद्रन समितीचे अध्यक्ष होते, त्यात सात सूत्रं आहेत: विश्वास, माणूस आधी, रोखण्यापेक्षा नवनिर्मिती, न्याय्यता, उत्तरदायित्व वगैरे. पण ही तत्त्वं आहेत, मोडली म्हणून कुणाला दंड होत नाही. समितीचं म्हणणं असं की सध्याचे कायदे बहुतेक ठिकाणी पुरतात, आयटी कायदा, ग्राहक संरक्षण, डेटा संरक्षण, फौजदारी कायदे, तेच नीट वापरा.

आणि सरकारचं स्वतःचंही आधी डळमळीतच होतं. १ मार्च २०२४ ला ॲडव्हायजरी आली की नीट न तपासलेलं मॉडेल लोकांपुढे आणायचं तर सरकारची परवानगी घ्या, त्यावर ओरड झाली आणि १५ मार्चला नवी ॲडव्हायजरी काढून परवानगीची अटच काढून टाकली.

२. मग यावर लक्ष ठेवतं कोण? दिल्ली की मुंबई?

कागदावर दिल्ली. नव्या तत्त्वांमध्ये एक आंतरमंत्रालयीन एआय गव्हर्नन्स ग्रुप, त्याच्या मदतीला तज्ज्ञांची समिती आणि एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट असा ढाचा सांगितलाय. पैसे कुठे जातात ते बघितलं की मात्र चित्र स्पष्ट होतं. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेलं इंडियाएआय मिशन एकूण १०,३७१.९२ कोटींचं, त्यातले ४,५६३.३६ कोटी कॉम्प्युटिंगला, म्हणजे एआय चालवायला लागणाऱ्या जीपीयू चिप्स वगैरेला, आणि 'सुरक्षित व विश्वासार्ह एआय' या खात्याला २०.४६ कोटी. हजार रुपयातले दोन रुपये पण नाहीत. बाकी काय बोलायचं.

खरा धाक असलेले दोन नियंत्रक आपल्याच शहरात बसतात, फोर्टात रिझर्व्ह बँक आणि बीकेसीत सेबी. ते त्यांच्या क्षेत्रापुरते (प्रश्न ११ बघा). राज्य सरकारच्या खात्यांमध्ये मात्र लक्ष ठेवणारा म्हणजे त्या-त्या खात्याचा सचिव, वेगळा कुणी नाही, आणि माझ्या मते घोडं नेमकं इथेच पेंड खातंय.

३. महाराष्ट्र सरकार एआय नक्की वापरतं कुठे? की नुसत्या जाहिराती?

जाहिराती आहेतच, पण वापरही आहे. पोलिसांसाठी २०२४ मध्ये नागपुरात 'मार्व्हल' नावाची सरकारी कंपनी काढली, आयआयएम नागपूर त्यात सोबत आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात 'महाक्राइमओएस एआय' जाहीर झालं, नागपुरातल्या २३ पोलीस ठाण्यांत आधीच चालू होतं आणि आता राज्यातल्या सगळ्या ११०० ठाण्यांत न्यायचं म्हणतात. शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९ आहे, पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटी. मंत्रालयात जानेवारी २०२५ पासून चेहरा ओळखून प्रवेश. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०२४ पासून कॅमेऱ्यांची सिस्टीम, ती स्पीड, सीटबेल्ट, लेन सगळं पकडते.

पण मला सगळ्यात रस आहे तो नालेसफाईत. २०२५ च्या पावसाळ्याआधी पालिकेने कंत्राटदारांना गाळ काढण्याआधीचे, काढतानाचे, नंतरचे फोटो-व्हिडिओ सक्तीचे केले आणि ते एआयने तपासले, गडबड सापडली त्यांना दंड लावला. इतकी वर्षं आपण मुंबईकर ओरडत होतो की गाळ कागदावरच निघतो, तर ते पकडायला मशीन कामाला लावलं. यात एक गोष्ट लक्षात घ्या, इथे एआयची नजर कंत्राटदारावर होती, तुमच्या-आमच्यावर नाही. नजर जेव्हा वरच्या दिशेने असते, म्हणजे ठेकेदार, टेंडर, बिलं यांच्यावर, तेव्हा ती चुकली तरी समोरचा वकील घेऊन भांडू शकतो. विधवा पेन्शनवाल्या आजी भांडू शकत नाहीत. देखरेख कुठे कडक हवी ते यावरून ठरवा.

४. माझं लाडकी बहीणमधून नाव कटलं. हे एआयने केलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सरळ उत्तर: याला बहुधा एआय म्हणता येणार नाही, याद्या जुळवणं म्हणता येईल. २०२५ च्या जुलैत मंत्री अदिती तटकरे यांनीच सांगितलं की वेगवेगळ्या खात्यांचा डेटा तपासला आणि सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असताना लाभ घेताहेत असं दिसलं, कुणी दुसऱ्या योजनेतही होतं, कुणाच्या घरात दोनपेक्षा जास्त जणींना मिळत होतं, काही अर्ज तर पुरुषांचे होते. त्या सगळ्यांचे पैसे जूनपासून थांबवले आणि मग जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी.

आता बघा, आधी थांबवलं आणि मग पडताळलं. बोगस लोक होते यात शंका नाही, पुरुष लाडकी बहीण कसे होतील, पण एवढ्या मोठ्या यादीत नावाच्या स्पेलिंगमुळे, लग्नाआधीच्या-नंतरच्या आडनावामुळे, एकाच रेशन कार्डावर वेगळी चूल असल्यामुळे चुकून अडकलेल्या बायका असणारच ना, आणि दीड हजार रुपये कुणासाठी नुसता आकडा आहे तर कुणासाठी मुलीच्या क्लासची फी आहे. मशीनने केलं की एक्सेलने याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो नाव कापायच्या आधी कुणी माणसाने तुमचा कागद बघितला का आणि त्याची सही कुठे आहे याने.

हे बाहेर घडून गेलंय म्हणून सांगतो. तेलंगणात संगणकाच्या पडताळणीवर लाखो रेशन कार्डं रद्द झाली आणि शेवटी एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की प्रत्यक्ष जाऊन पुन्हा तपासा. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघर भत्त्यात हजारो पालकांना चुकीने फसवे ठरवलं, दुहेरी नागरिकत्व असेल तर संशय जास्त असा प्रकार होता, लोक कर्जात बुडाले आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या सरकारने राजीनामा दिला.

तुम्ही काय करायचं ते प्रश्न ५ मध्ये.

५. काउंटरवर म्हणतात "सिस्टीमने रिजेक्ट केलं, आमच्या हातात नाही." पुढे काय बोलायचं?

भांडायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "ठीक आहे साहेब, मग तसं लेखी द्या आणि खाली तुमचं नाव, हुद्दा टाका." बहुतेक वेळा इथे चेहरा बदलतो. आरटीआय कायद्याच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम झाला त्याला देणं हे कार्यालयाचं काम आहे, मागितली नाहीत तरी. सिस्टीम हे कारण होत नाही.

सेवा जर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित असेल, दाखले, प्रमाणपत्रं, परवाने अशी बरीच आहेत, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याने, म्हणजे ती सेवा द्यायला नेमलेल्या अधिकाऱ्याने, नकाराची कारणं लेखी द्यायची आणि अपील कुणाकडे करायचं तेही सांगायचं. पहिलं अपील ३० दिवसांत. मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. लाडकी बहीणसारख्या योजनेचा अर्ज यात बसतो असं धरून चालू नका, तिथे आधी बालविकास प्रकल्प अधिकारी नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज आणि सोबत 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार. काहीही द्या पण आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका. पोच नाही तर अर्जच नाही.

६. आरटीआयमध्ये काय विचारू? नमुना टाका ना.

आपल्याकडे अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयाचा, १० रुपये फी. उत्तर ३० दिवसांत. "अल्गोरिदम द्या" लिहू नका, व्यापारी गुपित म्हणून कलम ८(१)(घ) लावून उडवतात. "एआय का वापरता?" पण नको, 'का' विचारलं की "अभिप्राय माहितीत मोडत नाही" असं छापील उत्तर येतं. कागद मागा. असं लिहा:

"अमुक योजनेतील लाभार्थी पडताळणीसाठी वापरलेल्या संगणक प्रणालीबाबत १) निविदा, कार्यादेश व करारनाम्याची प्रत, २) प्रणालीने अपात्र दाखवलेल्या प्रकरणांवर अंतिम निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम व त्यास अधिकार देणारा आदेश, ३) दि. __ ते दि. __ या काळात अपात्र दाखवलेली व नंतर पुन्हा पात्र ठरलेली प्रकरणे, संख्या, ४) प्रणालीच्या चाचणी वा लेखापरीक्षण अहवालाची प्रत."

तिसरा मुद्दा सोन्याचा आहे. मशीन किती चुकलं ते तिथे कळतं, आणि "अशी माहिती संकलित नाही" असं उत्तर आलं तर तेच उत्तर बातमी आहे.

एक नवा खोडा: डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललंय, नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहिती म्हटलं की सरळ नकार देता येतो. म्हणून अधिकाऱ्याचं नाव मागण्यापेक्षा पदनाम मागा. तरी नकार आला तर अपिलात कलम ८(२) लिहा, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, ते कलम अजून शाबूत आहे.

७. डेटा संरक्षण कायदा आला ना? मग मंत्रालयाच्या गेटवर चेहरा द्यायला नाही म्हणता येतं का?

कायदा २०२३ चा, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. दंड २५० कोटींपर्यंत आहे, ऐकायला भारी. पण सरकारला सूट भरपूर आहे. अनुदान, लाभ, दाखले, परवाने द्यायचे असतील तर सरकारला तुमची नव्याने संमती लागत नाही, आणि देशाची सुरक्षा, कायदा-सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र एखाद्या सरकारी यंत्रणेला अख्ख्या कायद्यातूनच बाहेर ठेवू शकतं.

त्यामुळे गेटवर हुज्जत घालून फारसं हाती लागत नाही, मागे लाइन लागलेली असते, लोक तुमच्यावरच ओरडतात. खरा आधार सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा: खासगीपणा मूलभूत हक्क आहे, त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा आणि हेतूच्या प्रमाणात हवा. एक दिवस कामाला आलेल्या माणसाचा चेहरा किती दिवस साठवता आणि कुठल्या आदेशाने, हे आरटीआयने विचारा (नमुना प्रश्न ६ चा, विषय बदलून).

८. एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्याने चुकीचं चलन पाठवलं. मशीनशी भांडायचं कसं?

आधी चलनातला फोटो नीट मोठा करून बघा. काळा शर्ट, काळा पट्टा, कॅमेऱ्याला सीटबेल्ट दिसत नाही असं सर्रास होतं. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर हरकत टाका, फोटोसकट. हे बऱ्याच जणांना माहीत आहे.

माहीत नसतं ते हे, की केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ, ऑगस्ट २०२१ चा, सांगतो की असल्या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायला हवं, आणि कॅमेऱ्याखालच्या पट्ट्याआधी ठळक सूचना फलक हवा. त्या जागच्या यंत्राच्या प्रमाणपत्राची प्रत आरटीआयने मागा. एआयवर देखरेख म्हणजे नेमकं काय असं कुणी विचारलं तर मी हाच नियम दाखवतो, तपासलेलं यंत्र, तारीख असलेला कागद, समोर बोर्ड. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला हे सगळं लागतं, मग नाव कापणाऱ्या सॉफ्टवेअरला का नाही?

९. पोलिसांच्या एआयने माझा चेहरा जुळवला तर मी आत जाणार का?

नुसत्या जुळण्यावर दोषी ठरवता येत नाही. जुळणं हा धागा आहे, ओळख पटवायला स्वतंत्र पुरावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही येते, म्हणजे फाइलमध्ये नंतर फेरफार झाला का ते दाखवणारा सांकेतिक आकडा. पण कोर्टापर्यंत पोचायच्या आधी चौकशी, अटक, बातमी सगळं होऊन जातं, भीती तीच आहे. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये आरटीआयच्या उत्तरात सांगितलं होतं की ८० टक्क्यांच्या वर जुळलं की ते 'पॉझिटिव्ह' धरतात. तुमच्या वकिलाने हाच प्रश्न विचारायचा: किती टक्के आणि तो आकडा ठरवला कुणी.

१०. साहेबांनी ऑर्डर चॅटजीपीटीवरून लिहिली असेल तर ती रद्द होते का?

तेवढ्याने आपोआप नाही. पण ऑक्टोबर २०२५ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल जरूर सांगा. एका कंपनीच्या आयकर आकारणीच्या आदेशात अस्तित्वातच नसलेले तीन निकाल दाखले म्हणून दिले होते. कोर्टाने आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि बजावलं की एआयच्या जमान्यात सिस्टीम जे दाखवते त्यावर लोक फार भरवसा ठेवतात, पण अर्धन्यायिक काम करताना ते डोळे मिटून वापरायचं नाही, आधी पडताळून बघायचं.

म्हणून ऑर्डर हातात आली की त्यातल्या प्रत्येक निकालाचा नंबर आणि जीआरचा सांकेतांक तपासा, जीआर तर शासनाच्या साइटवर फुकट दिसतात. खोटा निघाला तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं की निर्णय घ्यायला एआय वापरायचं नाही, आणि केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने त्याच वर्षी जानेवारीत कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असली टूल्स टाळायला सांगितलं, कारण सरकारी डेटा बाहेर जातो.

११. बँकेने लोन नाकारलं, "स्कोअर आला नाही" म्हणे.

रिझर्व्ह बँकेच्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला, अध्यक्ष आपल्या पवईचे, आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य. त्यात २६ शिफारशी आहेत पण शिफारशीच आहेत. तोवर तुमचा रस्ता जुनाच: बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. लोन द्यायलाच लावणं लोकपालाकडून होत नाही, पण कारण न सांगणं, चुकीचा डेटा वापरणं यावर तक्रार चालते. शेअर बाजारात सेबीने २०२५ मध्येच सांगून टाकलंय की संस्थेने एआय टूल वापरलं तर परिणामाची जबाबदारी त्या संस्थेची, टूल बाहेरून विकत घेतलेलं असलं तरी. मला हवं ते एवढंच, आणि हे वाक्य मंत्रालयाने उचललं तरी अर्धं काम होईल.

१२. डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला माझा खोटा व्हिडिओ आला तर?

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार, स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. २० फेब्रुवारी २०२६ पासून नवे आयटी नियम आहेत: एआयने बनवलेल्या मजकुरावर ठळक लेबल, आणि सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आल्यावर ३ तासांत काढायचं, आधी ३६ तास होते. आवाज चोरण्याबद्दल मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये अरिजित सिंगला संरक्षण दिलं, पण ते नामवंतांना जमतं, आपल्याला पोलीस ठाणंच.

१३. म्हणजे खरं-खोटं आता सरकार ठरवणार?

ही भीती अगदीच फोल नाही. केंद्राने २०२३ मध्ये आयटी नियमांत सरकारी कामकाजाबद्दल खोटं काय ते ठरवायला फॅक्ट चेक युनिट आणायचं ठरवलं होतं. त्याला मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं, जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला तिसऱ्या, न्या. अतुल चांदुरकर यांच्या मताने तो नियम घटनाबाह्य ठरला. तीन तासांचा नियम पण बघायला हवा, तीन तासांत कंपनी विचार करत बसत नाही, काढून मोकळी होते.

१४. युरोपसारखा कडक कायदा का नाही आणत?

युरोपचा कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतोय, बंदी घातलेल्या वापरासाठी दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत. जाड पुस्तक आहे. मला त्यापेक्षा अमेरिकेची एक साधी गोष्ट आवडते, तिथे २०२४ पासून केंद्रीय खात्यांना मुख्य एआय अधिकारी नेमावा लागतो आणि सरकार बदललं, बायडेन यांचा आदेश ट्रम्पनी पहिल्याच दिवशी फाडला, तरी हे पद टिकलं. आपल्याकडे प्रत्येक खात्यात जन माहिती अधिकाऱ्याची पाटी असते ना, तशी एआयची पाटी लावा, नाव, हुद्दा, फोन. कायदा नंतर करा.

१५. "आम्हाला माहीत नाही, कंपनीला विचारा" म्हणतात. आणि कंपनी आरटीआयमध्ये येत नाही.

कंपनी नाही येत, करार येतो. कलम २(ञ) मध्ये माहितीचा अधिकार म्हणजे कार्यालयाकडे असलेली किंवा त्याच्या नियंत्रणाखालची माहिती मिळवण्याचा, आणि २(च) मध्ये माहिती म्हणजे खासगी संस्थेची जी माहिती कार्यालयाला कुठल्याही कायद्याने मिळू शकते ती पण. करारात कंपनीने अहवाल द्यायचा असेल तर तो अहवाल कार्यालयाचा आहे. म्हणून करारनामा आधी, बाकी नंतर.

१६. आमच्या सोसायटीच्या गेटवर पण चेहऱ्याचा कॅमेरा लावलाय. त्यांना आरटीआय टाकू का?

नाही चालणार. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय की सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण होत नाही, सरकारचा पैसा किंवा ताबा मोठ्या प्रमाणावर असेल तरच. सभासद म्हणून सेक्रेटरीला लेखी विचारा, सर्वसाधारण सभेत ठराव झाला होता का, डेटा कोणत्या ॲपवाल्याकडे जातो, कामवाल्या मावशींना कार्डाचा पर्याय दिलाय का. मे २०२७ पासून डेटा कायदा सोसायटीला पण लागू, आणि सरकारला आहे तशी सूट तिला नाही. सेक्रेटरी उत्तरच देत नसेल तर वॉर्डाच्या उपनिबंधकाकडे तक्रार करा. उपनिबंधक सार्वजनिक प्राधिकरण आहे, तिथे मात्र आरटीआय चालतो.